गाडी उचलायची, पण किती? मोठे टायर आणि लिफ्ट किटचा हिशेब

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून आकड्यांसाठी तरी हे एकदा वाचाच.

आजचा विषय तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या सेव्ह केलेल्या रील्समध्ये आहे. थार किंवा जिम्नी, खाली जाडजूड टायर, गाडी वर उचललेली, चिखल उडवत चाललीय, मागे दणकेबाज गाणं. बघितलं की वाटतं, आपलीही अशीच पाहिजे. वाटू दे, त्यात चूक काहीच नाही. गाडी आवडीनेच घ्यायची असते.

प्रश्न पुढचा आहे. तुम्ही वर्कशॉपमध्ये जाता. तिथला दादा म्हणतो, "भाऊ, दोन इंच लिफ्ट टाकून देतो, तेहतीसचे टायर बसतील, गाडी वाघ दिसेल." तुम्ही विचारता किती, तो आकडा सांगतो, तुम्ही थोडी घासाघीस करता आणि सौदा पक्का. या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारतच नाही: गाडी नेमकी कुठे अडतेय? त्याचं उत्तर नसेल, तर तुम्ही औषध आधी घेताय आणि आजार नंतर शोधताय.

म्हणून आज आपण साधा हिशेब करू. उंची म्हणजे नेमकं काय, ती टायरने किती वाढते, लिफ्टने किती वाढते, आणि बदल्यात काय जातं. पैसे तर जातातच. पण ब्रेक, वळणावरचा तोल आणि कायद्याचं संरक्षण यातलंही थोडं थोडं जातं. आणि गाडीत मागच्या सीटवर कोण बसतं, ते तुम्हाला माहीत आहे.

गाडी अडते कुठे?

कच्च्या रस्त्यावर गाडी साधारण चार प्रकारे अडते. एक, समोर चढ किंवा दगड आला आणि पुढचा बंपर टेकला. दोन, उंचवट्यावरून जाताना पुढची चाकं पार झाली, पण पोट टेकलं. तीन, उतरताना मागचा बंपर घासला. चार, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत, चाकं चाकोरीत गेली आणि मधला उंचवटा खालून डिफरन्शियलला लागला. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध दिसतो तो लोखंडी भोपळा.

पाचवा प्रकार वेगळा आहे आणि सगळ्यात जास्त वेळा घडतो. गाडी कुठेच टेकलेली नसते, नुसती चाकं फिरतात. पकड नाही. आता मला सांगा, चाक जागेवर फिरतंय, तर गाडी दोन इंच वर उचलून काय होणार? दोन इंच उंचावरून फिरेल, एवढंच.

पहिल्या तीन प्रकारांसाठी कंपनी तीन कोन देते: अप्रोच, रॅम्प-ओव्हर आणि डिपार्चर. २०२० मध्ये आलेल्या थारचे हे कोन साधारण ४२, २७ आणि ३७ अंश आहेत. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. हे आकडे शोरूममधून बाहेर पडलेल्या गाडीचे, एक रुपयाही न घालता. ४२ अंशांचा चढ फोटोत बघताना छोटा वाटतो. त्याच्या पायथ्याशी उभे राहिलात की गाडीपेक्षा आधी तुमचीच हिंमत टेकते.

तेव्हा पहिलं काम असं करा. पुढचे दोन-तीन ट्रेल आहे त्या गाडीनेच करा. घरी आलात की गाडीखाली वाका आणि ओरखडे कुठे पडलेत ते बघा. बंपरवर, साइड स्टेपवर, डिफरन्शियलवर, की कुठेच नाहीत? मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हा फोटो तुमची खरी शॉपिंग लिस्ट आहे. ओरखडे फक्त साइड स्टेपवर असतील, तर साइड स्टेप काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय झाला.

टायरचा हिशेब: अर्धाच हाती येतो

आता टायरवर जो आकडा लिहिलेला असतो तो वाचायला शिकू. २४५/७५ आर १६ घ्या. यातलं २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. म्हणजे साइडवॉल झाली सुमारे १८४ मिलिमीटर. वर एक आणि खाली एक, अशा दोन साइडवॉल आणि मधे १६ इंचांचं रिम, म्हणजे ४०६ मिलिमीटर. एकूण व्यास साधारण ७७४ मिलिमीटर. फोनच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं.

समजा त्या जागी तुम्ही २८५/७५ आर १६ टाकलात, म्हणजे बोलीभाषेतले 'तेहतीस'. त्याचा व्यास येतो सुमारे ८३४. फरक ६० मिलिमीटरचा. पण गाडी ६० मिलिमीटर वर जात नाही. चाकाचं केंद्र जमिनीपासून अर्ध्या व्यासावर असतं, त्यामुळे गाडी वर जाते फक्त ३०. सव्वा इंचसुद्धा नाही. टायर जेवढा वाढतो त्याच्या अर्धंच तुमच्या हाती येतं, ही गोष्ट गाठ मारून ठेवा.

जिम्नीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिचा मूळ साइज १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिलिमीटर. बरेच जण २१५/७५ आर १५ घालतात. नावात वीसची वाढ दिसते, टायर रुंद दिसतो, गाडी भरलेली दिसते. पण व्यास होतो सुमारे ७०३. वाढ दहाची, हाती आले पाच मिलिमीटर. सहा-सात एटीएम कार्डं एकावर एक ठेवा, तेवढे! टायर वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो रुंद आहे, पॅटर्न चांगला असेल तर पकडही देईल. पण 'क्लिअरन्ससाठी घेतला' असं मात्र म्हणू नका.

अजून एक गंमत. थारच्या वरच्या व्हेरिएंटला २५५/६५ आर १८ येतो. लोकांना वाटतं, १८ म्हणजे १६ पेक्षा बराच मोठा. व्यास काढा: ७८९. म्हणजे १६ वाल्यापेक्षा जेमतेम १५ मिलिमीटर जास्त. उलट साइडवॉल १८४ वरून १६६ वर आली. ऑफ-रोडसाठी साइडवॉल हीच तर खरी गादी. दगडावर ती दबते, रिम वाचवते, जमिनीला धरते. म्हणून कुणी १६ चं रिम काढून २० चं चकचकीत अलॉय घातलं, की गाडी कॉलेजच्या गेटसमोर भारी दिसते आणि सह्याद्रीत अडचणीत येते. ऑफ-रोडला लहान रिम आणि जाड टायर ही जोडी चांगली.

मग लिफ्टने काय होतं?

लिफ्टचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला बॉडी लिफ्ट. चॅसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालायचे. बॉडी वर जाते, मोठ्या टायरला जागा होते. पण चॅसिस, गिअरबॉक्स, डिफरन्शियल जिथल्या तिथेच. खालून बघणाऱ्या दगडाला काही फरक कळत नाही.

दुसरा स्पेसर लिफ्ट. स्प्रिंग किंवा पुढच्या स्ट्रटवर एक जाड चकती बसवायची. सगळ्यात स्वस्त आणि म्हणूनच सगळ्यात जास्त विकली जाणारी. तिसरा पूर्ण किट: नवीन लांब स्प्रिंग, त्यांना जुळणारे शॉक ॲब्झॉर्बर आणि गरजेप्रमाणे बाकीचे पार्ट. महाग, पण हिशेबात बसणारा.

आता यातली कळीची गोष्ट. थारला मागे सॉलिड ॲक्सल आहे, जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे. सॉलिड ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा एक सलग दांडा आणि मधे तो लोखंडी भोपळा. हा दांडा चाकांवर बसलेला असतो, स्प्रिंगवर नाही. स्प्रिंग त्याच्या वर असते. मग स्प्रिंग उंच केली तर काय वर जाईल? स्प्रिंगच्या वरचं सगळं. दांडा आणि भोपळा तिथेच राहतील. दोन इंचांची लिफ्ट टाका, चार इंचांची टाका, मागचा डिफरन्शियल एक मिलिमीटरही वर सरकत नाही. तो फक्त मोठ्या टायरनेच वर जातो.

म्हणजे बघा, लिफ्टने पोटाखालची जागा वाढते, बंपरचे कोन सुधारतात आणि मोठ्या टायरला फिरायला जागा मिळते. पण चाकोरीतला मधला उंचवटा डिफरन्शियलला लागत असेल, तर लिफ्टचा काही उपयोग नाही. ओरखड्यांचा फोटो इथे कामाला येतो.

थारला पुढे मात्र इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, प्रत्येक चाक स्वतंत्र. तिथे पुढचा डिफरन्शियल चॅसिसला जोडलेला असतो, तो लिफ्टबरोबर वर जातो. चाकं खालीच राहतात. मग दोघांना जोडणारे शाफ्ट तिरके होतात. त्यांच्या टोकांच्या सांध्यांवर रबरी बूट असतात, कोन वाढला की ते ताणले जातात, फाटतात, आत धूळ-पाणी जातं आणि सांधा कटकट करायला लागतो. वरच्या आर्मचा बॉल जॉइंटही त्याच्या सोयीच्या कोनाबाहेर जातो. चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हा तर हा ताण सगळ्यात जास्त. स्वस्त चकतीची खरी किंमत अशी हप्त्याहप्त्याने कळते.

जिम्नीत वेगळी गोष्ट होते. पुढचा सॉलिड ॲक्सल लिफ्टमुळे थोडा फिरतो आणि कॅस्टर नावाचा कोन कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क किंचित पुढे झुकलेला असतो ना, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ चालते. तोच हा कोन. तो कमी झाला की हायवेवर स्टिअरिंग हलकं, भरकटल्यासारखं वाटतं. दुरुस्ती आहे, कॅस्टर करेक्शनचे बुश मिळतात. पण वर्कशॉपवाल्याने त्याचं नावच काढलं नाही, तर समजा की त्याने फक्त उंची विकली.

आणि दोन्ही गाड्यांना लागू असलेल्या गोष्टी: ब्रेकचे होस आणि एबीएसच्या वायर पुरतात का, मागचा आडवा पॅनहार्ड रॉड ॲक्सलला एका बाजूला ओढतो का, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून कंप येतो का. लिफ्टनंतर व्हील अलाइनमेंट करायलाच हवं. आणि हेडलाइट खाली वाकवून घ्यायचे. हे जवळजवळ कुणीच करत नाही. गाडी वर गेली की लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. रात्री घाटात समोरून येणारा दुचाकीवाला दोन सेकंद आंधळा होतो. त्याचा तुमच्या लिफ्टशी काय संबंध?

बदल्यात काय जातं?

टायरपासून सुरू करू. ७७४ वरून ८३४ म्हणजे व्यास पावणेआठ टक्के वाढला. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण स्पीडोमीटरला ते माहीत नसतं. मूळ मीटर अचूक होता असं धरलं, तर काट्यावर ८० दिसत असताना गाडी ८६ ने चाललेली असेल. कंपनीचे मीटर सहसा थोडा जास्तच वेग दाखवतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक कमी असू शकतो. जीपीएस लावून एकदा तपासा. ओडोमीटरही तेवढाच कमी मोजतो, म्हणजे तुमच्या ॲव्हरेजचा हिशेबही बिघडला.

मग गिअरिंग. मोठं चाक म्हणजे सगळे गिअर थोडे उंच झाल्यासारखं. चढावर जिथे दुसऱ्या गिअरमध्ये आरामात जायचात, तिथे इंजिन कुंथायला लागतं. गंमत बघा, ऑफ-रोडला हवी असते ती हळू आणि ताकदीची चाल, आणि ऑफ-रोडसाठीच घातलेला टायर तीच थोडी काढून घेतो.

ब्रेकचंही तेच. डिस्क तेवढीच, कॅलिपर तेवढाच, पण थांबवायचं चाक मोठं आणि जड. त्याच पायाच्या दाबाला गाडी आधीपेक्षा कमी जोराने थांबते. सपाट रस्त्यावर जाणवणार नाही. मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन लांब घाट उतरताना जाणवेल.

आता तोल. गाडी उलटायला किती सोपी, याचं एक साधं माप अमेरिकेची वाहन सुरक्षा संस्था वापरते. दोन चाकांमधलं अंतर घ्यायचं आणि गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. आकडा जेवढा मोठा तेवढी गाडी स्थिर. समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० वर. १५०० भागिले १४००, आलं १.०७. आता लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य ५० ने वर गेला. १५०० भागिले १५००, म्हणजे १.००. जवळपास सात टक्के स्थैर्य गेलं. त्यावर टपावर कॅरिअर, कॅरिअरवर तंबू आणि दोन जेरीकॅन चढवले, की अजून गेलं.

ताम्हिणीत वळणावर अचानक म्हैस आली आणि तुम्ही स्टिअरिंग झटकलंत, तर हे सात टक्के तिथे लागतात. कंपनीने स्टॅबिलिटी कंट्रोल दिलेला असतो, पण तो मूळ उंची, मूळ टायर, मूळ वजन धरून बसवलेला असतो. आपण खालून जमीनच बदलली, तर त्याचाही अंदाज थोडा चुकणार.

आणि एक गोष्ट मनाची. उंच गाडी माणसाला धाडसी करते. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहतंय, पलीकडे चारजण थांबलेत, आणि आपल्याला वाटतं, आपली तर लिफ्ट केलेली. थारची वॉटर वेडिंग क्षमता ६५० मिलिमीटर आहे, पण ती शांत पाण्याची. वाहतं पाणी दोन फूट झालं तर ते बहुतेक गाड्या, एसयूव्हीसुद्धा, ढकलून नेऊ शकतं. शिवाय मोठ्या टायरमध्ये हवा जास्त, म्हणजे पाण्यात गाडीला तरंगायला मदतच. वाहत्या पुलासमोर लिफ्ट असो वा नसो, उत्तर एकच: थांबायचं.

कुठला पॅटर्न? आधी माती बघा

टायरची उंची एक, पॅटर्न दुसरं. एचटी म्हणजे रस्त्याचा, एटी म्हणजे मधला, एमटी म्हणजे चिखलाचा. एमटीचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद. चिखल त्यातून फेकला जातो. पण डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर त्याची पकड एटीपेक्षा कमी असते. तुमची गाडी महिन्यातून एकदा चिखलात आणि रोज कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये असेल, तर रोजचं जास्त महत्त्वाचं.

आता आपल्या जमिनीकडे या. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसात टायरला पिठाच्या गोळ्यासारखी चिकटते. खाचा भरल्या की कुठलाही एटी टायर गुळगुळीत होतो. तिथे एमटीला अर्थ आहे. कोकणातला जांभा वेगळा. पावसात शेवाळ धरून निसरडा, कडा मात्र धारदार. तिथे साइडवॉल मजबूत हवी. घाटमाथ्यावर बेसॉल्टचे सुटे धोंडे आणि मुरूम, तिथे चांगला एटी पुरून उरतो. आपल्यापैकी बहुतेकांसाठी मूळ साइजमधला किंवा त्याच्या अगदी जवळचा चांगला एटी, हेच बरोबर उत्तर आहे. ऐकायला बोअरिंग आहे, कबूल.

घेताना तीन गोष्टी वाचा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. स्पीड रेटिंग: क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०. आणि टायरवरचा चार आकडी कोड. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. 'नवीन' म्हणून दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर गळ्यात मारून घेऊ नका.

आणि टायर चार नाही, पाच घ्यायचे. स्टेपनी जुन्या व्यासाची राहिली आणि जंगलात ती लावून फोर-बाय-फोर टाकलंत, तर पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने फिरायला बघतात आणि गिअरचे सांधे आवळले जातात. पाचवा जड टायर मागच्या दारावर लटकणार असेल, तर बिजागऱ्यांकडेही लक्ष ठेवा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. आरसीवरचे तपशील आणि कंपनीने मुळात दिलेले तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट ऐका.

"पण बाजारात तर सगळं उघड मिळतं!" मिळतं. फटाक्यांसारखा आवाज करणारे सायलेन्सरपण मिळतात. दुकानात मिळणं आणि रस्त्यावर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथल्या गाड्या डोक्यापासून पायापर्यंत बदललेल्या असतात. त्या स्पर्धेसाठी बनवलेल्या असतात, सोमवारी ऑफिसला जायला नाही.

पोलिसांच्या दंडापेक्षाही मला विम्याची काळजी वाटते. विमा कंपनीला न कळवलेला बदल हे क्लेम अडवायचं कारण ठरू शकतं. गाडीचं नुकसान एकवेळ सोसता येईल. समोर कुणी जखमी झालं आणि भरपाईचा प्रश्न तुमच्या दारात आला, तर गाडीचे हप्ते भरून तो वेगळा कसा भरणार? त्यामुळे बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरिएंटला जो टायर दिलाय, त्याच्या आसपास राहिलात तर डोक्याला ताप सगळ्यात कमी.

फुकटची लिफ्ट

आता सगळ्यात स्वस्त बदल. हवा काढा!

रस्त्यावर टायरमध्ये ३० ते ३२ पीएसआय हवा असते. कच्च्यावर ती २० च्या आसपास आणली की टायर पसरतो, जमिनीला धरणारा भाग लांब होतो, लहान दगड टायर पोटात घेतो, गाडी उसळत नाही. सुरुवातीला मी सांगितलं ना, सगळ्यात जास्त वेळा गाडी पकड नसल्याने अडते. त्याचं पहिलं उत्तर हे. यात उंची थोडी कमीच होते, तरी गाडी पुढे जाते. १५ च्या खाली मात्र जाऊ नका, टायर रिमवरून निसटू शकतो. धारदार जांभ्यावर साइडवॉल फुगून बाहेर येते, तिथे जपून. वेग कमी ठेवा आणि डांबरावर चढण्याआधी हवा भरा. म्हणजे खर्च काय? एक प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर.

दुसरा स्वस्त बदल म्हणजे ड्रायव्हर. कुठल्या दगडावर चाक चढवायचं आणि कुठला दोन चाकांमध्ये घ्यायचा हे कळणं. उत्तर ऐकून चकित व्हाल: मोठा दगड चाकाखाली घ्यायचा, पोटाखाली नाही. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, बऱ्याच शहरांत अनुभवी क्लब आहेत. एक दिवस तिथे घालवा. आणि थारच्या काही व्हेरिएंटना मागे लॉकिंग डिफरन्शियल आहे. ते तुमच्या गाडीत आहे का, ते कधी लागतं, हे मॅन्युअलमध्ये वाचा. गाडीत जे आहे ते आधी वापरून संपवा. तुमची थार रिअर-व्हील-ड्राइव्ह असेल, तर लिफ्टने ती फोर-बाय-फोर होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

तर खर्चाचा क्रम असा

आधी गेज आणि कॉम्प्रेसर. मग ओढण्यासाठी दोर, शॅकल, पुढे-मागे पक्के हुक, आणि सोबत दुसरी गाडी. एकट्याने ट्रेलवर जायचं नाही. मग प्रशिक्षण. मग चांगले एटी टायर, मूळ साइजच्या जवळचे. मग पोटाखाली स्किड प्लेट, म्हणजे टेकली तरी फुटत नाही. एवढं केल्यावरही ओरखड्यांचा फोटो सांगत असेल की उंची हवी, आणि आरटीओचं, विम्याचं उत्तर हातात असेल, तर मग लिफ्टचं बोला. तेव्हा हवी तेवढीच घ्या, पूर्ण किट घ्या, चकती नको.

आणि वर्कशॉपमध्ये हे विचारा. शॉक बदलणार का? शाफ्टचा कोन कोण तपासणार? होस आणि वायर पुरतात का? अलाइनमेंटची प्रिंट देणार का? हेडलाइट सेट करणार का? आणि सगळ्यात शेवटी, एक चाक रॅम्पवर चढवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का ते माझ्यासमोर दाखवणार का? जो दादा न चिडता या सगळ्याला उत्तर देईल, त्याच्याकडे गाडी द्या. जो म्हणेल, "काय भाऊ, एवढं कोण बघतं," त्याला नमस्कार करून निघा.

उंच गाडी छान दिसते, ते मी नाकारत नाही. पण ट्रेलवर ज्यांच्याकडे बघून शिकावंसं वाटतं, त्यांच्या गाड्या बहुतेक वेळा साध्याच असतात. टायर चांगले, हवा कमी, दोर हाताशी, आणि माणूस आधी गाडीतून उतरून रस्ता पायी बघून येतो. मग बसतो आणि हळू निघतो.

या आठवड्यात एकच काम करा: गाडीखाली वाका, फोटो काढा. ओरखडे कुठे आहेत ते आम्हाला पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काहींवर बोलू. हवा भरायला विसरू नका, सीट बेल्ट मागच्यांनीही लावायचा. भेटू पुढच्या आठवड्यात!